आरक्षणावरची चर्चा रद्द झाली, स्टेटस टाकलं म्हणून नोटीस आली: माफीनामा लिहून द्यावा का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात परत लिहिते, काही चुकलं तर सांग. तू पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात एसवायला आहेस, हॉस्टेलवर राहतेस, घर इंदापूरकडे. तुमच्या अभ्यासमंडळाने "आरक्षण: कुणाला, किती, कधीपर्यंत?" अशी खुली चर्चा ठेवली, विभागप्रमुख (एचओडी) तोंडी हो म्हणाल्या, पोस्टर लागलं, आणि दोन दिवसांनी एका संघटनेची दहाबारा मुलं प्रिन्सिपलना निवेदन देऊन गेली की हा कार्यक्रम झाला तर आम्ही आमच्या पद्धतीने उत्तर देऊ. त्याच संध्याकाळी कार्यक्रम रद्द. रात्री तू स्टेटस टाकलंस, "आमच्या कॉलेजला स्वतःच्या विद्यार्थ्यांपेक्षा बाहेरच्यांची पर्वा जास्त. लाज वाटते." कुणीतरी स्क्रीनशॉट ऑफिसात पोचवला आणि आता कारणे दाखवा नोटीस आलीय, संस्थेची बदनामी केल्याबद्दल शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्या. एक सर म्हणतायत माफीनामा लिहून टाक, विषय संपेल. आणि तू विचारतेस की मला बोलायचा हक्क आहे का नाही, आणि माफी देऊन मोकळी होऊ का, कारण घरी कळलं तर बाबा कॉलेज बंद करून घरी आणतील.

मी पुण्यात सत्तावीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, त्यातली नऊ वर्षं विद्यार्थी विकास अधिकारी होते आणि शिस्तपालन समितीवरही होते, म्हणजे तुला नोटीस देणाऱ्यांच्या बाजूच्या खुर्चीत. वकील नाही. कायद्याचं जे सांगेन ते अशा प्रकरणांत वारंवार लागलं म्हणून माहीत झालेलं आहे, तुझ्यावर पोलीस केस झालीच तर मात्र वकीलच गाठायचा. तुला अगं-तुगं करतेय, माझ्या मुलींच्या वयाची आहेस.

तुझ्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकीत अडकल्यात. कार्यक्रम रद्द होणं, नोटीस, आणि घर. तू सगळ्याला मिळून "मला बोलायचा हक्क आहे का" असं म्हणतेयस, आणि त्याचं उत्तर आहे हो, पण ते उत्तर घेऊन शुक्रवारी ऑफिसात गेलीस तर काही उपयोग होणार नाही. मी इतक्या वर्षांत जे पाहिलं ते हे की कॉलेजात मुलांचं बोलणं स्टेजवर बंद होत नाही, ते केबिनमध्ये बंद होतं, दार लावून, पंख्याखाली, एका कोऱ्या कागदावर. म्हणून आधी कागदाचं बघू.

माफीनामा लिहून देऊ नकोस. निदान आत्ता नको, आणि दुसऱ्याने सांगितलेल्या मजकुराचा तर कधीच नको. याचं कारण सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे मराठवाड्यातला एक मुलगा होता, त्याने भित्तिपत्रकात हॉस्टेलच्या मेसवर कविता लावली, त्यात ताटं वेगळी ठेवण्याचा उल्लेख होता, जातीचं नाव नव्हतं पण ज्याला कळायचं त्याला कळत होतं. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याला लागलं. मुलाच्या वडिलांना फोन करून बोलावलं, ते रात्रभर एसटीने प्रवास करून सकाळी आले, साखर कारखान्यात होते, खाडा करून आलेले, टोपी काढून मांडीवर ठेवून केबिनमध्ये बसले. माफीनामा मी सांगितला, तो लिहीत होता. "माझ्या चुकीबद्दल" इथे येऊन तो थांबला आणि मला म्हणाला, मॅडम, चु ऱ्हस्व का दीर्घ? मी म्हणाले ऱ्हस्व, सामान्यरूप आहे. त्याने लिहिलं, खाली सही केली, वडिलांनी सही केली. आम्हाला वाटलं प्रेमाने मिटवलं, मुलगा वाचला. दीड वर्षाने तो वर्तणुकीचा दाखला मागायला आला तर क्लार्कने फाईल काढली, त्यात तो कागद होता, आणि दाखल्यावर जिथे सगळ्यांच्या "चांगली" असतं तिथे त्याच्या "समाधानकारक" आलं. त्याला जिथे जायचं होतं तिथे त्या एका शब्दावर त्याला प्रश्न विचारले गेले. मी तो दाखला बदलून घेतला, त्यासाठी दोन आठवडे भांडले, पण त्याच्यावर ती वेळ माझ्या हातूनच आली होती आणि ते मी विसरलेली नाही. त्याची काय चूक होती हे आम्हा मोठ्यांपैकी एकानेही त्याला विचारलं नव्हतं.

तर माफीनामा म्हणजे "विषय संपला" नव्हे, माफीनामा म्हणजे गुन्हा कबूल असल्याचा कागद, आणि तो फाईलला राहतो. तुला सांगणारे सर वाईट हेतूने सांगत नसतील, मीही वाईट हेतूने सांगितलं नव्हतं.

माफीने वाचतोच असंही नाही. मे २०२५ मधलं पुण्यातलंच प्रकरण तुला माहीत असेल, इंजिनिअरिंगच्या १९ वर्षांच्या मुलीने ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत एक पोस्ट रीशेअर केली, दोन तासांत डिलीट केली, माफीही मागितली. तरी अटक झाली, येरवड्याला जावं लागलं आणि कॉलेजने तिचं काही न ऐकता काढून टाकलं. २७ मे ला मुंबई हायकोर्टाने तिला जामीन दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली, परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं, आणि कॉलेज आणि सरकार दोघांनाही चांगलंच सुनावलं. तिचा विषय तुझ्यापेक्षा कितीतरी नाजूक होता. मी हे घाबरवायला सांगत नाहीये, त्यातला तुझ्या कामाचा भाग एवढाच आहे की ऐकून न घेता शिक्षा करता येत नाही. नैसर्गिक न्याय म्हणतात तो हाच, आरोप काय ते लेखी सांगा, उत्तराला वेळ द्या, समोर बसवून ऐका, मग ठरवा, आणि का ठरवलं ते लिहा. तुझ्या कॉलेजने नोटीस दिलीय म्हणजे निदान पहिली पायरी पाळलीय, ही चांगली गोष्ट आहे. नोटीस हातात आली की मुलं पहिल्यांदा रडतात, पण नोटीस ही शिक्षा नाही, ते तुला विचारणं आहे. काळजी त्याची करायची ज्याला नोटीसच येत नाही आणि थेट "उद्यापासून येऊ नको" म्हणून सांगतात.

खुलासा कसा लिहायचा. एक पान, त्याहून जास्त नको. भाषा थंड. घटना तारखेने लिहायच्या, अमुक तारखेला अभ्यासमंडळाने कार्यक्रम ठरवला, अमुक तारखेला विभागप्रमुखांनी संमती दिली, पोस्टर विभागाच्या बोर्डावर लावलं, अमुक तारखेला रद्द झाल्याचं तोंडी कळवलं, कारण लेखी मिळालं नाही. मग स्टेटस शब्दशः, आपणच लिहायचं, म्हणजे अर्धवट स्क्रीनशॉट फिरत असेल तर पूर्ण मजकूर रेकॉर्डवर येतो. त्याखाली साधारण असं:

"वरील मजकूर हे कार्यक्रम रद्द झाल्याबाबतचे माझे वैयक्तिक मत आहे. त्यात कोणत्याही व्यक्तीचे नाव नाही, कोणताही खोटा आरोप नाही आणि अपशब्द नाहीत. महाविद्यालयाची बदनामी करण्याचा माझा हेतू नव्हता. माझ्या शब्दांनी कोणाचे मन दुखावले असल्यास मला खेद आहे. या प्रकरणी पुढील कार्यवाही करण्यापूर्वी मला समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, ही विनंती."

खेद आहे हे लिहायला हरकत नाही, माझ्या मते लिहावंच, कारण प्रिन्सिपलसुद्धा माणूस आहे आणि "लाज वाटते" हे त्यांना लागलं असणार. पण खेद आणि चूक कबूल करणं यात फरक आहे, "माझी चूक झाली, पुन्हा करणार नाही, कोणतीही कारवाई मान्य राहील" असलं वाक्य त्यात कुणी घालायला सांगितलं तर घालायचं नाही. दोन प्रती काढायच्या, एक आवक-जावकला, म्हणजे ऑफिसात कागद नोंदवून घेतात तिथे, द्यायची, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. क्लार्क म्हणेल ठेव इथे, देतो नंतर. नाही. पोच घेतली नाही तर खुलासा दिलाच नाही असं होऊ शकतं, मी ते होताना पाहिलंय. पोच द्यायचं टाळलं तर तोच खुलासा ऑफिसच्या अधिकृत ईमेलवर पाठव आणि स्पीड पोस्टानेही टाक.

केबिनमध्ये बोलावलं तर जायचं, नम्रपणे बोलायचं, पण एकटी जाऊ नकोस, एखाद्या मॅडमना किंवा वर्ग प्रतिनिधीला बरोबर घे. तिथल्या तिथे सही करा म्हणाले तर "वाचून उद्या देते" हे तीन शब्द पुरतात. त्यात उद्धटपणा काही नाही.

आता हक्काचं. घटनेच्या कलम १९ ने बोलायचं स्वातंत्र्य दिलंय आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात ते कशासाठी आवळता येतं त्याची यादी आहे. देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. संपली यादी. "संस्थेला आवडलं नाही" हे त्यात नाही. बदनामी आहे, पण बदनामीला कुणावर तरी ठोस आरोप लागतो, अमुकाने पैसे खाल्ले असं तू लिहिलं असतंस तर ते सिद्ध करायची वेळ तुझ्यावर आली असती. कॉलेज घाबरलं असं मला वाटतं, हे मत झालं. आणि नाव खराब होण्याचं म्हणशील तर याच शहरात सनातन्यांनी ज्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली ते आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य होते, आणि ते कॉलेज आज त्यांचं नाव अभिमानाने घेतं.

विद्यार्थी म्हणून हा हक्क कमी होतो का? कॉलेजला शिस्तीचे नियम करता येतात, तास चालू असताना घोषणा नको, लायब्ररीत सभा नको, स्पीकर नको, हे सगळं ठीक आहे, मी स्वतः असे नियम केलेत. पण नियम आणि एखाद्याची इच्छा यात फरक असतो. १९८६ चा केरळचा निकाल मी दरवर्षी वर्गात शिकवायचे. तीन भावंडं, शाळेत राष्ट्रगीताला उभी राहायची पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत, शाळेने काढून टाकलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं ती आदराने उभी राहत होती, गायलाच पाहिजे असा कायदा नाही, खात्याचं परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, मुलांना परत घ्या. राष्ट्रगीताबद्दल जर असं असेल तर व्हॉट्सॲप स्टेटसचं काय सांगू.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, बरंच काही तुझं कॉलेज कोणत्या प्रकारचं आहे यावर अवलंबून असतं. सरकारी किंवा तुझ्यासारखं अनुदानित असेल तर हायकोर्टात दाद मागायची वाट बऱ्यापैकी मोकळी असते, कारण सार्वजनिक पैसा आहे आणि विद्यापीठाचा कायदा लागू आहे. पूर्ण खाजगी विद्यापीठ असेल तर मूलभूत हक्क थेट मागताना वाद जास्त होतो, तिथे त्यांचे स्वतःचे नियम आणि यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम धरून बोलायचं. अमेरिकेतही असंच आहे, तिथली पहिली घटनादुरुस्ती सरकारी विद्यापीठांना बांधते, खाजगी विद्यापीठं स्वतःच्या धोरणाने चालतात, म्हणून "तिकडे काहीही बोलता येतं" हे ऐकीव आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने स्वतःच पोलीस बोलावले आणि शंभराहून जास्त आंदोलकांना अटक झाली.

आता कार्यक्रम रद्द होण्याचं, आणि इथे मला तुझ्या प्रिन्सिपलबद्दलही दोन शब्द बोलायचेत. तू त्यांना घाबरट समजतेस. त्यांच्या जागी बसून बघ. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात मुलांचं नाटक बंद पाडलं गेलं, आणि भावना दुखावल्या म्हणून अटक कुणाला झाली तर विभागप्रमुखांना आणि नाटकातल्या मुलांना. जामीन मिळाला, पण त्यानंतर माझ्या ओळखीतल्या प्रत्येक प्राचार्याने परवानगीच्या अर्जाकडे वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली. निवेदन आलं की त्यांच्या डोळ्यासमोर हे सगळं येतं, वरून संस्थेचा फोन, खालून पोलिसांचा फोन, आणि काही झालं तर नाव यांचंच.

तरीसुद्धा त्यांचा निर्णय चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कारण दंगा करण्याची धमकी ज्याने दिली त्याला काही नाही आणि जे बसून बोलणार होते त्यांचा कार्यक्रम रद्द, हे एकदा चाललं की पुढच्या प्रत्येक विषयाला दहाबारा मुलं आणि एक निवेदन पुरतं. आणि योगायोग बघ, यावरचा सुप्रीम कोर्टाचा मुख्य निकाल आरक्षणावरूनच आहे. १९८९ चा. एक तमिळ सिनेमा होता, जातीवर आधारित आरक्षणावर टीका करणारा, लोक चिडतील, दंगा होईल म्हणून तो थांबवायचा प्रयत्न झाला. कोर्टाने सांगितलं की धोका दूरचा किंवा कल्पनेतला नको, दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीसारखा थेट संबंध पाहिजे, आणि विरोधक चिडतील, ते आम्हाला आवरणार नाहीत, हे कारण सरकारला सांगता येणार नाही, आवरणं हेच त्याचं काम आहे. हा निकाल सरकारबद्दल आहे, पण प्राचार्यांसाठी अर्थ तोच निघतो, बंदोबस्त मागा, कार्यक्रम रद्द करू नका.

शब्द कुणाच्या कानाने मोजायचे याचंही उत्तर कोर्टाने दिलेलं आहे आणि ते आपल्या महाराष्ट्रातून गेलंय. १९४० च्या दशकात नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की शब्दांचा परिणाम समजूतदार, खंबीर माणसाच्या मापाने मोजायचा, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो त्याच्या मापाने नाही. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूरकडच्या एका प्राध्यापकांवर ३७० कलमाबद्दलच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून झालेला गुन्हा सुप्रीम कोर्टाने रद्द केला तेव्हा हेच माप लावलं, मार्च २०२५ मध्ये एका खासदाराच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करतानाही हेच. तुझ्या खुलाशात हे निकाल घालू नकोस, प्रिन्सिपलना वाटेल वकील मागे लागला. पण तुझ्या मनात असू देत, त्याने हात थरथरत नाही.

आता तुलाही एक अवघड गोष्ट सांगते. आरक्षणावरची खुली चर्चा हा साधा कार्यक्रम नाही. मी असे चार घेतलेत, पहिला फसला होता. पहिल्या वेळी आम्ही माईक मोकळा सोडला, दहाव्या मिनिटाला एक मुलगा म्हणाला "यांना मार्क नसले तरी चालतं" आणि "यांना" म्हणताना त्याने दुसऱ्या रांगेकडे हात केला. त्या रांगेतली एक मुलगी उठून बाहेर गेली, ती नंतर माझ्या तासालाही महिनाभर मागे बसायला लागली. कायदा काय म्हणतो ते वेगळं, जातीवरून चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे आणि तो असायलाच हवा. पण कायद्यात न बसणारंही बरंच लागतं. मुक्त चर्चा ज्यांना फक्त वादाचा विषय वाटते आणि ज्यांच्यासाठी ते स्वतःचं आयुष्य आहे, ते दोघं एका हॉलमध्ये बसलेले असतात, हे आयोजकाने विसरायचं नाही. बोलू द्यायचं तर सगळ्यांना बसून ऐकता येईल असं बोलू द्यायचं, ही जबाबदारी तुमची.

दुसऱ्या वेळेपासून मी काही गोष्टी पक्क्या केल्या. पहिली दहा मिनिटं वाद नाही, फळ्यावर फक्त माहिती. १९९२ चा ओबीसी आरक्षणावरचा मंडल निकाल आणि ५० टक्क्यांची मर्यादा, २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा का रद्द झाला आणि २०२४ मध्ये राज्याने १० टक्क्यांचा नवा का केला, २०२२ मध्ये ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण, सुप्रीम कोर्टात तीन विरुद्ध दोन न्यायमूर्तींनी कसं टिकलं, ऑगस्ट २०२४ चा अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल. हे लिहून झालं की निम्मा आवाज तिथेच खाली येतो, कारण मुलं व्हॉट्सॲपवरचं घेऊन आलेली असतात. मग नियम एकच, मुद्द्यावर बोलायचं, हॉलमधल्या कुणाकडेही बोट करायचं नाही, आणि आडनाव विचारायचं नाही. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता, एका डब्यात. ते मी वाचायचे. एका चिठ्ठीवर फक्त एवढंच होतं, "माझी ॲडमिशन कोणत्या कोट्यातून झाली ते मी रूममेटला अजून सांगितलेलं नाही." मी ती वाचली, हॉल पूर्ण गप्प झाला, आणि त्यानंतरचा तासभर जी चर्चा झाली तशी मी वर्गात कधी घडवू शकले नाही. आरक्षणाच्या विरोधात बोलणारा मुलगाही बोलला, पूर्ण बोलला, कुणी अडवलं नाही, फक्त त्याची भाषा बदलली होती.

म्हणून परत परवानगी मागाल तेव्हा नुसता अर्ज देऊ नका. अर्जातच लिहा, संचालन कोणते शिक्षक करणार, किती जण, फक्त आयकार्ड असलेले विद्यार्थी, वेळ किती ते किती, प्रश्न लेखी, दोन्ही बाजूंचे वक्ते. स्पीकर लावू नका, कॉलेजच्या आजूबाजूचा १०० मीटर परिसर शांतता क्षेत्र असू शकतो, उगाच कुणाला कारण द्यायचं नाही. आणि ज्यांनी निवेदन दिलं त्या संघटनेलाही लेखी बोलावणं द्या, या आणि तुमची बाजू मांडा. आले तर चर्चा चांगली होईल, नाही आले तर नकार कुणी दिला ते कागदावर राहील. तोंडी परवानगीवर पोस्टर लावणं ही तुमच्याकडून राहिलेली गोष्ट, एचओडी मॅडमना आता त्याचा त्रास होत असेल, त्यांना जाऊन भेट. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. लेखी कारण द्यायचं म्हटलं की बऱ्याच वेळा परवानगीच मिळते.

खुलासा दिल्यानंतरही कारवाई केली तर यूजीसीचे २०२३ चे तक्रार निवारणाचे नियम आहेत, कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. हायकोर्ट त्याच्या नंतर, किंवा परीक्षा बुडत असेल तर आधीही.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकायची नाही. तू शेवटी ओझरतं लिहिलंयस की अनोळखी नंबरवरून "हॉस्टेलचा पत्ता माहीत आहे" असे मेसेज आले. हे मतस्वातंत्र्य नाही, ही धमकी आहे, आणि ज्या शहरात २०१३ मध्ये सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना ओंकारेश्वरजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या गेल्या त्या शहरात धमकीला चेष्टा समजायचं नसतं. मेसेज डिलीट करू नकोस, नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढ, रेक्टरना आजच लेखी दे, आणि हॉस्टेल ज्या हद्दीत आहे त्या पोलीस स्टेशनला तक्रार अर्ज दे, तिथेही पोच घ्यायची. तातडीचं वाटलं तर ११२. खुलाशाच्या आधी हे कर.

म्हणजे क्रम असा झाला, आज रेक्टर आणि तक्रार अर्ज, उद्या खुलासा लिहून एखाद्या विश्वासातल्या शिक्षकांना दाखवायचा, गुरुवारी द्यायचा, शुक्रवारपर्यंत थांबायचं नाही, आणि कार्यक्रमाचा नवा अर्ज पंधरा दिवसांनी, हे शांत झाल्यावर. स्टेटस गेलं असेलच चोवीस तासांत, नवीन काही टाकू नकोस, मैत्रिणींनाही टाकू नका म्हणून सांग. तुझा खटला इन्स्टावर चालला तर खुलाशाला किंमत राहत नाही.

राहिलं घर. कॉलेजने फोन करायच्या आत तूच सांग. ऑफिसातून फोन गेला की वडिलांना पहिला शब्द "तुमच्या मुलीवर कारवाई" असा ऐकू येतो, आणि मग त्यांच्या डोळ्यासमोर काय काय उभं राहतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आधी आईला फोन कर, दुपारी, बाबा रानात असताना, सगळं सांग, धमकीचंही सांग. मग संध्याकाळी दोघांना एकत्र. असं म्हण की कॉलेजात आरक्षणावर चर्चा ठेवली होती, ती रद्द झाली, मी त्याबद्दल एक वाक्य लिहिलं, त्याचं उत्तर मागितलंय, मी ते लिहिलंय, वाचून दाखवू का? आणि खुलासा त्यांना वाचून दाखव. पान समोर असलं की बापमाणूस ऐकतो, मी समितीच्या टेबलावरून हे कितीतरी वेळा पाहिलंय, घाबरलेला बाप ओरडतो आणि कागद वाचलेला बाप प्रश्न विचारतो. त्यांना कुणाशी बोलायचं असेल तर मला इथे कळव, मी बोलेन त्यांच्याशी.

गुरुवारी सकाळी अकराच्या आत ऑफिसात जा, जेवणाच्या सुट्टीनंतर आवक-जावकचा माणूस जागेवर सापडत नाही. दोन्ही प्रतींवर सही करायला विसरू नकोस.